चालक नाही, वाहक नाही, समोर फक्त स्क्रीन: बसून पाहिलं, ते सांगते

गाडी मधेच थांबली की प्रवासी आधी कंडक्टरच्या तोंडाकडे बघतात, रस्त्याकडे नंतर. एसटीत वाहक म्हणून मला १७ वर्षं झाली. त्र्यंबकच्या रस्त्यावर म्हणा, सप्तशृंगी गडाच्या घाटात म्हणा, करकचून ब्रेक लागला की माझी मान आपोआप आत वळते, कारण सगळे डोळे माझ्यावर असतात. "काही नाही, मेंढरं चाललीत," एवढं मोठ्यानं म्हटलं की पुरतं. बाया पुन्हा बोलायला लागतात, पोरं मोबाइलात घुसतात. मेंढरं काही त्यामुळे लवकर जात नाहीत, पण गाडीतली चुळबुळ थांबते.

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "मावशी, ड्रायव्हर नसलेल्या शटलसाठी आम्ही आतल्या स्क्रीन बनवतोय, तू बसून बघ आणि खरं काय ते सांग," तेव्हा मी माझा सुट्टीचा रविवार दिला. सासूबाईंना बरोबर घेतलं. त्या निफाडच्या, वय ७४, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. शेजारचा सहावीतला मुलगाही हट्टानं आला.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या आवारात भाच्याच्या गटातल्या चौघांनी शेड भाड्यानं घेतलीय. गाडी बॅटरीवरची, १२ सीटची, मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात फिरते तसली, पण चारी बाजूंनी काच लावून बंद केलेली. ती खरोखर आपोआप चालत नाही, हे आधीच सांगते. पुढं प्लायवूडचं पार्टिशन आहे आणि त्याच्यामागं ड्रायव्हर बसतो. आतल्यांना तो दिसत नाही. गाडी चालवणारं यंत्र दुसरे कोणी बनवतील. समोर माणूस नसताना प्रवाशाला काय सांगायचं आणि कधी सांगायचं, एवढंच ही मुलं तपासतायत. थांब्यांची नावं मात्र खरी घेतलीत: गरवारे पॉइंट, पाथर्डी फाटा, लेखानगर, मुंबई नाका, द्वारका. आवारातल्या विजेच्या खांबांना तीच नावं चिकटवलीत.

दाराबाहेरच्या पाटीपासून सुरुवात करते. दाराच्या अंगाला हातभर उंचीची स्क्रीन आहे. वर शेवटचा थांबा मोठ्या अक्षरात, खाली मधले थांबे एकाखाली एक. आम्ही मुद्दाम दुपारी बाराला गेलो होतो, तरी उन्हात नीट वाचता आलं. एसटीच्या पुढच्या काचेवर एवढी ठळक पाटी असते, तरी लोक पायरीवर पाय ठेवून विचारतातच, "ताई, वणीला जाती ना?" त्यांना वाचता येत नाही म्हणून नव्हे. माणसाच्या तोंडून "हो, बसा" ऐकलं की दुसरा पाय उचलतो. हे मी भाच्याला फोनवर सांगून ठेवलं होतं आणि त्यानं ते मनावर घेतलं. पायरीवर पाय पडला की गाडी बोलते, "द्वारकेला जाणारी गाडी. मुंबई नाक्यावर थांबेल." सासूबाई पायरीवर थबकल्या, "बरं," म्हणाल्या आणि चढल्या. आपण यंत्राला उत्तर दिलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला फार बरं वाटलं.

आत पार्टिशनवर एक मोठी स्क्रीन आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवर अरुंद पट्ट्या. मोठ्या स्क्रीनवर पुढचा थांबा, त्यानंतरचे दोन, आणि खाली चौकोनात गाडीला आजूबाजूला काय दिसतंय त्याचं चित्र.

चूक सापडली ती गाडी निघाल्यावर तिसऱ्या मिनिटाला. आवारातलं एक कुत्रं आडवं आलं. हे काही ठरवलेलं नव्हतं. ब्रेक लागला, सासूबाई पुढच्या दांडीवर आदळता आदळता राहिल्या, आणि स्क्रीनवर लाल त्रिकोण आला: "अडथळा आढळला." पाठोपाठ तेच शब्द आवाजात. सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय आढळलं गं? उतरायचं का?" त्यांना कुत्रं दिसलं नव्हतं, कारण पुढची काच पार्टिशननं झाकलेली. त्यांनी फक्त लाल रंग पाहिला आणि एक जड शब्द ऐकला. मी सवयीनं म्हणाले, "काही नाही आई, कुत्रं आहे, गेलं बघा." दंड सुटला.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हा चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पहिल्या दिवसापासून गाडीत दोन माणसं: एक रस्ता बघणारा आणि एक आतली माणसं बघणारा. ड्रायव्हर नसलेली गाडी म्हणतात तेव्हा सगळी हुशारी पहिल्याचं काम यंत्राला शिकवण्यात जाते. दुसऱ्याचं काम कोण करणार, तर ही स्क्रीन. म्हणून तिच्यावरच्या एकेका शब्दाकडे मी इतकं बारकाईनं बघितलं.

भाचा म्हणाला, दिल्लीत मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून ड्रायव्हरशिवाय गाडी धावते, तिथं लोक घाबरत नाहीत. बरोबर आहे, पण मेट्रोच्या रुळावर मेंढरं येत नाहीत. तिथं पुढचं स्टेशन कोणतं आणि दार कोणत्या बाजूला उघडेल, एवढं सांगितलं की काम झालं. रस्त्यावरच्या गाडीला "का थांबली" हे सांगावंच लागतं, आणि तेही थांबल्या थांबल्या. मनात एकदा वाईट विचार आला की नंतरचं सांगणं ऐकू येत नाही.

त्यानं मग दुसरी गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. ८ नोव्हेंबर २०१७ ला अमेरिकेत लास वेगासमध्ये अशीच एक छोटी शटल लोकांसाठी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेणारा एक ट्रक तिला धडकला. दोष ट्रकवाल्याचा होता. शटल नियमाप्रमाणे जागच्या जागी थांबली होती, कुणाला लागलंही नाही. पण आत माणसं होती, ट्रक हळूहळू जवळ येताना त्यांना दिसत होता आणि गाडी तशीच उभी होती. अशा वेळी कंडक्टर दारावर थापा मारतो, ओरडतो, लोकांना मागच्या सीटकडे सरकवतो. "थांबले आहे" एवढंच स्क्रीननं त्या घडीला सांगून कसं चालेल? "ट्रक रिव्हर्स येतोय, मागच्या बाजूला सरका, घट्ट धरा" हे तिला बोलता यायला हवं.

धरण्यावरून आणखी एक. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतच ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ताशी जेमतेम ११ किलोमीटरनं चाललेली शटल अचानक थांबली आणि एक प्रवासी सीटवरून खाली पडली. त्यानंतर तिथल्या सरकारी खात्यानं तसल्या १६ गाड्यांमध्ये प्रवासी बसवणं थांबवलं. वेग कमी म्हणून धोका कमी, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्याकडं विचारा. गाडी स्टँडातून बाहेर पडताना, रांगत असतानाच म्हाताऱ्या माणसांचा तोल जास्त जातो, कारण कुणी धरलेलं नसतं. म्हणून शेवटचा माणूस बसल्याशिवाय मी डबल बेल देत नाही. एक टोला थांबायला, दोन निघायला, आणि दोन टोल्यांच्या आधी एक नजर मागच्या सीटपर्यंत.

इथं मला मुलांशी भांडावं लागलं. दार बंद होताना त्यांनी स्क्रीनवर उलटी मोजणी लावली होती: ५, ४, ३. आकडे मोठे, चमकणारे. सासूबाई उतरून परत चढायला गेल्या, आकडा बघितला आणि घाई केली. पायरीवर चप्पल अडकली. मी मागं होते म्हणून सावरल्या. उलटी मोजणी रॉकेटला ठीक. हातात पिशवी, कडेवर पोर आणि गुडघे दुखणारे, अशा माणसाला ती ढकलते. दारात कुणी असेल तोवर आकडा दाखवूच नका, "सावकाश या, गाडी थांबलीय" एवढं म्हणा, असं मी सांगितलं. गाडीला पायरीवरचा पाय कळतो, हे तर त्यांनीच दाखवलं होतं. मग निघताना म्हणा: "सगळे बसले. निघतोय."

घंटी मात्र त्यांनी अशी केलीय की मी दोनदा दाबून पाहिली. उतरायचं असेल तर खांबावर पिवळं बटण आहे. दाबलं की "टिंग" वाजतं, एकच. भाच्यानं जुन्या गाडीतल्या दोरीच्या घंटीचा आवाज टिपून आणलाय. लगेच स्क्रीनवर थांब्याच्या नावाशेजारी "थांबणार" येतं आणि ते जात नाही, थांबा येईपर्यंत तिथंच राहतं. दुसऱ्यानं परत बटण दाबलं तरी आवाज होतो. भाचा तो आवाज बंद करणार होता, एकदा नोंद झाली की परत कशाला म्हणून. मी म्हटलं, ठेव. आपण दाबलं आणि काहीच झालं नाही, असं वाटलं की माणूस पाच वेळा दाबतो आणि मग उठून दाराशी जातो.

अक्षरांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठी वाचणाऱ्यांचा रोजचा छळ आहे हा. खिडक्यांवरच्या अरुंद पट्ट्या दिव्यांच्या बोर्डाच्या आहेत, उंचीला १६ दिवे. त्यावर "नाशिकरोड" हे "नाशकिरोड" असं दिसत होतं. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण कॉम्प्युटरमध्ये ती अक्षरानंतर साठवलेली असते. ज्या बोर्डाला ती अक्षराच्या आधी आणायची शिकवण नसते, तो ती आहे तिथंच काढतो आणि ती पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. "त्र्यंबकेश्वर" तर पाय मोडलेल्या अक्षरांची रांग झाला होता. दुसरं म्हणजे १६ दिव्यांच्या उंचीत वरचा अनुस्वार आणि खालचा उकार मावत नाही, मग तो कापला जातो. "अंबड"चं "अबड", "पंचवटी"चं "पचवटी". रोजचा माणूस समजून घेईल, पण बाहेरगावचा माणूस तेच नाव उच्चारून रिक्षावाल्याला विचारणार. मोठ्या स्क्रीनवर अक्षरं सुरेख होती, ओळींमध्ये मात्रांना जागा सोडलेली. पट्ट्यांवरही अक्षराचं चित्र करून पाठवायचं, असं त्यांनी ठरवलंय. ते होईपर्यंत पट्ट्या बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव धावतं ठेवण्याचीही गरज नाही. "मुंबई नाका" पूर्ण मावतंय तर ते डावीकडं पळवायचं कशाला? सासूबाई "बई ना" वाचून थांबल्या.

गाडीला काय दिसतंय ते चित्र शेजारच्या मुलाला सगळ्यात जास्त आवडलं. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात ऑक्टोबर २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सीत कुणीही ड्रायव्हरशिवाय बसू शकतं, तिथंही मागच्या सीटसमोर असंच चित्र असतं: आजूबाजूच्या गाड्या, चालणारी माणसं, आपली पुढची वाट. कल्पना चांगली आहे. गाडीला समोरचा माणूस दिसलाय हे आपल्याला कळलं की पोटातला गोळा कमी होतो. पण इथं शेडजवळ उभा असलेला वॉचमन चित्रात आला, नाहीसा झाला, परत आला. तो बिचारा हललाही नव्हता. सासूबाई बाहेर बघायच्या, चित्रात बघायच्या. "हा माणूस गेला कुठं?" त्यांच्या मनात सरळ प्रश्न आला की गाडीला तो दिसतोय की नाही. यंत्राला कदाचित आतून नीट दिसत असेल, फक्त चित्र काढताना लुकलुकत असेल. पण प्रवाशाकडे चित्राशिवाय दुसरं काय आहे? माझा सल्ला असा, की रस्त्यातली माणसं आणि आपल्या वाटेतली वाहनं एवढीच दाखवा, ती ठाम दाखवा, फुटपाथवरची झाडं-खांब वगळा.

त्या चित्राचा आणखी एक त्रास माझ्या लगेच लक्षात आला, कारण घाटात उलट्यांच्या पिशव्या वाटायचं काम मी केलंय. गाडी वळली की आख्खा नकाशा गरकन फिरतो. नजर स्क्रीनवर खिळलेली आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग वेगळंच काही सांगतोय, असं झालं की गाडी लागते. त्यात दोन सीट उलट्या तोंडाच्या. सहावीतला मुलगा उलट्या सीटवर बसून मान वळवून सारखा चित्राकडे बघत होता. पाचव्या फेरीला त्याचा चेहरा उतरला. लिंबू माझ्या पर्समध्ये होतंच. नकाशा फिरवू नका, थांब्यांची सरळ रेघ दाखवा. स्क्रीन थोडी वर आणि खिडकीच्या जवळ घ्या, म्हणजे नजर उचलली की बाहेरचंही दिसतं.

वेळेबद्दल. "मुंबई नाका ३ मिनिटं" असं लिहून गाडी उभीच राहिली, तरी ३ चे ३ च राहिले, मग एकदम ५ झाले. मिनिटांवरचा विश्वास एकदा उडाला की परत बसत नाही. "दोन थांब्यांनंतर" हे कधी खोटं ठरत नाही. मिनिटं हवी तर ती बारीक ठेवा.

मदतीचं लाल बटण दाबलं तेव्हा शेडमध्ये बसलेल्या मुलीनं उत्तर दिलं. आवाज यायला २० सेकंद लागले असतील, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. प्रत्यक्ष वापरात याहून वेळ लागणार. पहिल्याच सेकंदाला "तुमचा निरोप पोचला, माणूस बोलेल" असं यायला हवं. ती मुलगी बोलली मात्र छान. "बोला ताई, काय झालं?" या चार शब्दांसाठी मी तिचं कौतुक केलं.

अर्ध्या स्क्रीनवर त्यांनी नमुन्याची जाहिरात टाकून पाहिली होती. लेखानगर आलं तेव्हा तिथं दागिन्यांचं चित्र होतं. काढून टाका.

२०१५ च्या कुंभात माझी ड्युटी बाहेरच्या पार्किंगपासून आत शहरात येणाऱ्या गाड्यांवर होती, आणि २०२७ पुढं दिसतंय, म्हणून एक गोष्ट मी मुलांच्या गळीच उतरवली. स्नान करून परतणारी माणसं ओल्या कपड्यांत, थकलेली असतात आणि आपली गाडी कोणत्या पार्किंगला लावलीय हे त्यांना आठवत नाही. एका आजींना एवढंच आठवत होतं, की उतरलो तिथं निळा मंडप होता. त्यांना मराठी येत नव्हतं, मला त्यांची भाषा येत नव्हती. आम्ही दोन फेऱ्या फिरून तो मंडप शोधला. नाव लिहून अशा वेळी भागत नाही. प्रत्येक ठिकाणाला एक रंग आणि एक चित्र द्या, जाताना स्क्रीनभर तेच दाखवा, उतरताना तेच चित्र दारावर, आणि परतीच्या गाडीच्या पाटीवरही तेच. आकडे देवनागरीबरोबर इंग्रजीतही हवेत, दक्षिणेकडच्या माणसाला आपला "५" वाचता येईलच असं नाही. भाच्यानं लगेच कागदावर द्राक्षाचा घड, हत्ती आणि कमळ काढलं. सासूबाई म्हणाल्या, घड काळा कर, हिरवा लांबून पानासारखा दिसतो. त्या द्राक्षबागेत राबलेल्या आहेत.

त्या दिवशी मी पाचातले तीन दिले. घंटी, पायरीवरचं बोलणं आणि दाराबाहेरची पाटी या तिन्हींसाठी. ड्रायव्हर-कंडक्टर नसलेली गाडी बघायला कंडक्टरनं जावं का, असं मला डेपोत दोघांनी विचारलं. गाड्या येणार असतील तर त्यांत म्हातारी माणसं बसणारच आहेत. त्यांना काय विचारावंसं वाटतं हे मला ठाऊक आहे, मग मी ते सांगायला नको?

पंधरा दिवसांनी भाच्यानं परत बोलावलं. लाल त्रिकोण गेला होता. थांबण्याच्या कारणांची यादी करून त्यांनी प्रत्येकासाठी साधं वाक्य लिहिलं होतं, आणि कारण ओळखू आलं नाही तर "समोर काहीतरी आहे, बघतोय, थांबा" असं. पट्ट्या बंद होत्या. नकाशाच्या जागी पाच थांब्यांची रेघ होती.

तिसऱ्या फेरीला गाडी थांबली. शेडच्या तोंडाशी टेम्पोतून पत्रे उतरवत होते. स्क्रीनवर पिवळ्या पट्टीत आलं, "समोर टेम्पो उभा आहे. माल उतरला की निघू." आवाजही तोच, सावकाश. मी सवयीनं मान वळवली. सासूबाई पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून शेजारच्या मुलाला अर्धी देत होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.